इतर परिस्थिती कायम असताना

गुरुवारी सकाळी लांजेवार सरांनी हजेरी घेताना माझं एकटीचं नाव पुकारलं आणि रजिस्टर मिटलं. झालं ते एवढंच. मी ‘प्रेझेंट सर’ म्हटलं. त्या लांबलचक खोलीत माझा आवाज मला नको तितका मोठा ऐकू आला, तेव्हा कुठे लक्षात आलं की रुपाचं नाव आलंच नाही. काल तिचं नाव होतं. काल ती माझ्या शेजारी बसून बाकाखाली मोबाइलवर मेंदीची डिझाइनं पाहत होती. आज नाव नाही, म्हणजे तिनं ऑफिसात जाऊन विषय बदलून घेतला, समाजशास्त्र घेतलं असणार, आणि मला चकार शब्दानं सांगितलं नाही. सरांनीही काही विचारलं नाही. त्यांनी डस्टर घेऊन फळा पुसला, जो पुसलेलाच होता, खडू मोडून अर्धा केला आणि माझ्या डोक्यावरून मागच्या रिकाम्या बाकांकडे पाहत म्हणाले, “तर विद्यार्थी मित्रहो, काल आपण कुठे होतो?” मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी मान खाली घालून वहीत तारीख टाकली आणि तारखेखाली रेघा मारत राहिले, एकीवर एक, कागद फाटेपर्यंत.

असं नाही की पवनीच्या आमच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्रासाठी कधी झुंबड होती. पण वर्ग वाटावा इतके तरी होतो. मग निकेश पोलीस भरतीच्या मैदानावर पळायला गेला तो परत आलाच नाही. कोणी आयटीआयला गेलं, कोणाचं लग्न ठरलं, आणि बाकीचे एकेक करून समाजशास्त्राला गेले, कारण तिकडचं गाइड पातळ आहे. सर तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तर सर आहेत, तास नसेल तर सर नाहीत. जुलैत प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की एक जरी विद्यार्थी असला तरी विषय चालू ठेवू, नाहीतर बंद करू, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, कारण तेव्हा ‘एक जरी’ ही नुसती बोलायची पद्धत होती. आता ती एक जरी मी होते. आणि माझी पंचाईत अशी की सोमवारी मला नागपूरच्या एका कॉलेजातून फोन आला होता. दुसऱ्या वर्षाची जागा रिकामी झाली आहे, तुमचा अर्ज होता, शनिवारपर्यंत टीसी घेऊन या. मी जागच्या जागी हो म्हटलं होतं. मामाकडे राहायचं ठरलं होतं, बाबांनी हो-नाही करत मान हलवली होती, आणि सरांचं काय, असा प्रश्न मनात आला तेव्हा मीच मला उत्तर दिलं होतं की रुपा आहे ना. मी गेले तरी रुपा राहील, रुपा राहिली तर विषय राहील, विषय राहिला तर सर राहतील. किती सोपं केलं होतं मी सगळं. आता वाटतं की रुपाही ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून हेच म्हणाली असेल, अंजू आहे ना.

सर त्या दिवशी मागणीचा नियम पुन्हा सांगत होते. तो पहिल्या वर्षीच झाला होता, पण सरांना तो आवडतो. सर तुमसरकडचे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, मंडईला नाटकं लागतात, आणि सर त्या नाटकांत खलनायकाची कामं करतात. कोणाची जमीन हडपणारा, कोणाच्या पोरीवर डोळा ठेवणारा, पण शेवटी मार खाणारा. त्यांचा आवाज मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायला शिकलेला आहे, त्याला खालचा सूर माहीतच नाही. “इतर परिस्थिती कायम असताना,” ते म्हणाले, आणि एक हात उंच करून थांबले. मला नजर कुठे ठेवावी ते कळेना. वर्गात पन्नास जण असतात तेव्हा कोणी खिडकीबाहेर पाहतं, कोणी जांभई देतं, सरांकडे पाहायचं काम थोडं थोडं वाटून जातं. आज ते सगळं माझ्यावर आलं होतं. मी जांभई दिली तर अख्खा वर्ग जांभई देणार होता. मी खाली पाहिलं तर वर्गाचं लक्ष नाही असं होणार होतं. मला पाठीत खाज सुटली होती आणि मी खाजवू शकत नव्हते. मी मान हलवत राहिले, कळलं सर, कळलं, आणि मनात त्यांचा इतका राग आला की माझंच मला नवल वाटलं. अहो, खाली बसा ना, माझ्याशी माणसासारखं बोला, एकच तर पोरगी आहे समोर, कोणाला ऐकवून राहिले तुम्ही.

पण हे वाक्य मला त्यांनीच दिलं, हेही खरं. पहिल्या वर्षी, पहिल्या आठवड्यात. इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत कमी झाली तर मागणी वाढते. सगळ्यांनी उतरवून घेतलं, मी मात्र पहिल्या चार शब्दांवरच अडकले. म्हणजे असं करता येतं? सगळ्या जगाला म्हणायचं की जरा थांब, हलू नकोस, मला एकच गोष्ट पाहू दे? मी ज्या घरात वाढले तिथे एक गोष्ट हलली की दहा हलतात, पाणी वाढलं की शाळा हलते, शाळा हलली की बाबांचा धंदा हलतो, बाबांचा धंदा हलला की आईचं डोकं फिरतं. कोणतं कशामुळे झालं हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून सगळे नशीब म्हणून मोकळे होतात. आणि हा एक माणूस खडू हातात घेऊन सांगत होता की नाही, वेगळं करून पाहता येतं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही, इतकी मी त्या विचारात होते. मला हा विषय आवडतो. असं कोणाला सांगायची सोय नाही, आमच्याकडे विषय आवडत नसतो, विषय निघतो, पास होण्यापुरता. सरांच्या लक्षात मात्र आलं होतं. ते लायब्ररीतून माझ्यासाठी त्यांच्या नावावर पुस्तकं काढायचे, आणि नागपूरला पुढे सांख्यिकी शिकवतात, गणितातून शिकवतात, हेही त्यांनीच सांगितलं होतं. ज्या दारातून मी निघून चालले होते ते दार दाखवणारा हाच माणूस, आणि मी निघाले की रस्त्यावर येणाराही हाच.

तास संपला. सर म्हणाले, “काही शंका?” मी नाही म्हटलं. मला एकच शंका होती आणि ती विचारण्यासारखी नव्हती. टीसीच्या अर्जावर विभागप्रमुखाची सही लागते, आणि अर्थशास्त्राचे विभागप्रमुख, शिक्षक, सगळं सगळं तेच. अर्ज माझ्या बॅगेत होता. बॅग खांद्याला लावताना मला वाटलं, द्यावा, आत्ताच द्यावा, आणि मी म्हटलं, “येते सर.” सर म्हणाले, “उद्या ये हं. उद्या लवचिकता घेऊ.” उद्या ये हं, हे त्यांनी याआधी कधी म्हटलं नव्हतं.

रुपा मला एसटी स्टँडवर सापडली. शेंगदाणे खात होती. मला पाहून तिनं आधी पुडी पुढे केली, म्हणजे तिला माहीत होतं. “काहून वो,” मी म्हटलं, “सांगतलं काहून नाही?” ती म्हणाली, “तू रागावशीन म्हणून.” “आता नाही रागावली का मी?” “आता त होऊन गेलं ना.” शेंगदाण्याची सालं फुंकून ती म्हणाली, “पाय अंजू, मले लगनाच्या आधी डिग्री पाह्यजे, बस. त्या आलेखात मी लटकीन. तू हायस ना सरले.” मी तिला नागपूरचं सांगितलं नव्हतं, तेव्हा तिला दोष देऊन काय उपयोग. तरी दिलाच. म्हटलं, “सरचं काय होईन, इचार केला का?” रुपानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी काहीतरी लाजिरवाणं बोलले. “सर काय आपले पोसलेले हायेत काय?” ती म्हणाली. “आपून शिकाले येतो का सर सांभाळाले येतो?” तिची लाखांदूरची गाडी लागली, ती चढली, खिडकीतून हात केला. तिच्या मनावर कसलंही ओझं नव्हतं, आणि मला तिचा हेवा वाटला, अगदी जळजळीत.

माझी गाडी उशिरा आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान लागलेलं, रोवणी आटोपलेली, बांध्यांत पाणी आणि पाण्यात ढग. मी खिडकीशी बसून सगळी मांडणी करत होते. सरांनी शिकवलंय ना, एक निवडलं की दुसरं सुटतं, आणि जे सुटतं तीच खरी किंमत. बरं, मग मांडा. मी गेले तर सुटतात ते सर. मी थांबले तर सुटते ती मी. पण थांबले तरी किती, एक वर्ष, फार तर दोन, आणि मग विषय बंद होणारच, कारण खालच्या वर्गात कोणी नाही. म्हणजे मी थांबून सरांना मिळणार काय, तर तोच शेवट, जरा उशिरा. हे इतकं स्वच्छ दिसत होतं की हातात घेऊन दाखवावं. तरी हात बॅगेतल्या अर्जापर्यंत जाऊन परत येत होता. बुद्धीनं गणित सुटतं आणि शरीर ऐकत नाही, याला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते सरांना विचारायला पाहिजे. तेवढ्यात गाडी धरणाच्या बाजूनं वळली, पाणी दिसलं, आणि जे मला इतका वेळ आठवायचं नव्हतं ते आठवलं.

आमचं जुनं गाव त्या पाण्याखाली आहे. लोक सांगताना म्हणतात की गाव उठलं, जसं काही एका सकाळी सगळे उठून चालू लागले. तसं झालं नव्हतं. एकेक घर गेलं. आज या घराच्या छपराची कवेलू उतरवलेली दिसायची, परवा त्या घराचं दार नसायचं. पुनर्वसनात जो आधी गेला त्याला रस्त्याकडचा प्लॉट मिळायचा. बाबा जात नव्हते. कारण गावात सोमाजी होते. सोमाजी भुमक, म्हणजे गावदेवीची, मातामायची पूजा करणारे, एकटे, म्हातारे, घरोघरच्या जेवणावर जगणारे. बाबा म्हणायचे, “आपून गेलो त सोमाजीले जेवू कोण घालीन?” म्हणून आम्ही थांबलो. एकेक घर कमी होत गेलं आणि सोमाजीचं ताट रोज आमच्याकडेच वाढलं जायला लागलं. आणि आमच्या गावची रीत अशी होती की गावातली एक जरी चूल पेटत असली तरी मातामाय जागची हलवायची नाही. तोवर गाव गाव असतं. भुमकानं मायला टाकून जायचं नाही, हे तर आलंच. म्हणजे आमची चूल पेटते म्हणून सोमाजी थांबले होते, आणि सोमाजी आहेत म्हणून आमची चूल पेटत होती. दोघंही मनाचे मोठे. दोघंही रोज समोरासमोर बसून वरण-भात खात होते आणि एकमेकांना एका शब्दानं विचारत नव्हते की तुला जायचं आहे का. पुढे कितीतरी दिवसांनी नव्या गावात सोमाजी म्हणाले होते, “परसराम, मी त वाटच पाहून राहिलो होतो गा, का तू कवा जातं.” बाबा हसले होते. ते हसणं मला आजही आवडत नाही.

मी लहान होते. आठ वर्षांची असेन. मला त्या दिवसांतलं आठवतं ते ओल आल्यासारखं, तुकड्यातुकड्यांत. शाळा बंद. सगळ्या घरांना दारं नाहीत, कुठल्याही घरात शिरावं, कोणी रागावणारं नाही, आणि म्हणून मजाच नाही. विजेच्या तारा काढून नेलेल्या. आणि मग एक दुपार. बाबा आणि सोमाजी जेवायला बसायचे होते. भात चुलीवर होता. आईनं भाताचं गुंडं खाली उतरवलं, पाण्यानं भरलेली घागर उचलली आणि चुलीत ओतली. नुसती शिंपडली नाही, पूर्ण ओतली. राखेचा वास घरभर झाला, काळं पाणी बाबांच्या पाटापर्यंत वाहत आलं. चुलीत पाणी ओतणं म्हणजे आपल्या हातानं घरावर अरिष्ट ओढवून घेणं, हे मला त्या वयातही माहीत होतं. सोमाजीनं हात जोडले, कोणाला ते कळलं नाही, आणि म्हणाले, “चाल मंग.” आम्हाला प्लॉट मिळाला तो शेवटचा, नाल्याकडचा, जिथे आम्ही अजून राहतो. त्या दुपारबद्दल आमच्या घरात कोणीही कधीही बोललेलं नाही.

मी गाडीतून उतरले ती जवळजवळ पळतच घरी आले. आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी चप्पल न काढताच तिच्यासमोर उकिडवी बसले. म्हटलं, “आई, रुपानं विषय सोडला. मी गेली त सरचा विषय बंद होते.” आई म्हणाली, “मंग?” मी म्हटलं, “मंग काय, तेच त विचारून राहिली तुले.” ती म्हणाली, “मले काय समजते त्यातलं. बाबाले विचार.” “बाबाले विचारलं त ते म्हणतीन, थांब.” आईचा हात सुपात थांबला. मला वाटलं, आता ती म्हणेल, जा, किंवा म्हणेल, सरांचं बघ, माणूस मोठा असतो. ती खडा शोधत राहिली. शेवटी मीच विचारलं, कधी विचारीन असं वाटलं नव्हतं ते. “आई, तू चुलीत पाणी काहून ओतलं होतं?”

तिनं मान वर केली नाही. “कोणीतरी ओतलंच पाह्यजे होतं,” ती म्हणाली. आणि मग, सुपाकडेच पाहत, “तू बांधावर बसून बोलत राहायचीस. समोर कोणी नाही, आन् तू बोलून राहिली. पोरींची नावं घेऊ घेऊ. त्या त सगळ्या चालल्या गेल्या होत्या. म्या दोन-चारदा पायलं. मंग मले नाही सोसलं.” मला हे आठवत नव्हतं. एक अक्षर आठवत नव्हतं. मी विचारलं, “भेव नाही वाटलं?” “वाटलं ना,” आई म्हणाली. “अजून वाटते. घरात काही वाईट झालं का पहिले तेच मनात येते.” आणि सूप उचलून ती आत गेली. मी तशीच चपलांसकट बसून राहिले. आईनं हे माझ्यासाठी केलं, ही एक गोष्ट, आणि ती अजून भिते, ही दुसरी. केलं म्हणून भीती गेली नाही, आणि भीती होती म्हणून करायचं राहिलं नाही. मला या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरता येईनात, मी आळीपाळीनं धरत होते.

रात्रभर झोप अशी आली नाही. सकाळी मी नेहमीपेक्षा आधीची गाडी धरली. शुक्रवार होता. सर वर्गातच होते, खिडकीशी उभे. मी विचार केला होता की आधी नमस्कार, मग आभार, मग हळूच विषय, पण तोंड उघडलं आणि सगळं एकदम बाहेर पडलं. नागपूर, फोन, शनिवार, सही. सर ऐकत होते. त्यांचा चेहरा हलला नाही, फक्त हातातल्या खडूची पावडर होत गेली. मला वाटलं होतं, आता ते म्हणतील, वा, जा बेटा, मोठी हो. मी मनातल्या मनात त्यांना ते म्हणायला लावलं होतं, त्यावर मला रडू येणार होतं, सगळं नीट होणार होतं. ते म्हणाले, “शनिवार म्हणजे उद्या.” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “एक वर्ष थांबता नाही येत का?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीत बसले. आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. “जूनमध्ये मले लाखांदूरकडून बोलावणं होतं,” ते म्हणाले. “ज्युनिअर कॉलेज. पर्मनंट. मी नाही म्हणून दिलं. तुहा विषय होता ना. म्हटलं, पोरगी चांगली हाय, इथं दुसरा कोण येईन तिले शिकवाले, दोन वर्षं काढून देऊ. बायको बोलत नव्हती माझ्याशी पंधरवडाभर.” मी बॅगेचा बंद बोटाला गुंडाळला. “ते आता भरलं,” ते म्हणाले. “दुसऱ्याले घेतलं त्यायनं. म्हणून म्हणतो, एकच वर्ष. तवापर्यंत मी कुठंतरी पायतो. नाहीतर पुढच्या वर्षी नवीन पोरं येतीनच.” “नाही येत, सर,” मी म्हटलं. “तुले काय माहीत?” “तुमालेही माहीत हाय.” सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मी तुह्यासाठी थांबलो, अंजू.”

आत कुठेतरी एकदम पेटलं. दया आली, खूप आली, त्यांच्या शर्टाची उसवलेली कॉलर दिसत होती, आणि त्याच क्षणी असा संताप आला की कानशिलं तापली. जूनमध्ये मला विचारलं का नाही? एका शब्दानं. मी नागपूरला अर्ज टाकलेला तुम्हाला माहीत होतं, तुम्हीच कॉलेजचं नाव सांगितलं होतं. आणि मी, मी तरी सोमवारपासून आज शुक्रवारपर्यंत तुम्हाला का नाही सांगितलं? रोज समोरासमोर बसलो, फळ्यावर आलेख काढले, एकमेकांची काळजी केली, आणि कोणी कोणाला विचारलं नाही. हा मनाचा मोठेपणा मला नको होता. तो माझ्या घरात भरपूर होता, त्याच्यापायी आम्ही नाल्याकाठी राहतो. मी म्हटलं, “सर, मी तुमाले थांबा नव्हतं म्हटलं.” म्हटल्याबरोबर लाज वाटली. शिक्षकांशी असं बोलतात का? तरी मी ते मागे घेतलं नाही. उभी राहिले. अर्ज बॅगेतून काढून त्यांच्यासमोर ठेवला.

सरांनी बराच वेळ अर्ज वाचला, जसा काही तो मोठा होता. बाहेर शिपाई व्हरांडा झाडत होता. मग त्यांनी खिसे चाचपले, पेन सापडलं नाही, मी माझं दिलं. त्यांनी सही केली, खाली ‘विभागप्रमुख, अर्थशास्त्र’ असं लिहिलं, आणि त्या शब्दांकडे थोडा वेळ पाहिलं. मी अर्ज उचलणार तेवढ्यात ते म्हणाले, “बस जरा. कागद हाय का एखादा कोरा?” मी वहीतलं मधलं पान फाडून दिलं. त्यांनी ते माझ्याकडेच परत सरकवलं. “तूच लिव,” ते म्हणाले. “माझा हात नाही चालत आज. प्राचार्य, महोदय, मी आपल्या महाविद्यालयातील तासिका सोडत आहे.” मी म्हटलं, “सर, हे कायले? आता तर—” “तुही टीसी ऑफिसात गेली का ते मले काढतीन,” ते म्हणाले. “काढलं म्हणतीन त्याच्या आधी सोडलं म्हटलेलं बरं. मंडईत लोक विचारतात.” ते थोडंसं हसले. ते खरं हसणं होतं, मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंही वाईट वाटलं.

मी पहिल्या बाकावर बसले आणि लिहायला लागले. ते सांगत होते, मी उतरवत होते, वर्षभर हेच केलं होतं. माननीय प्राचार्य महोदय. विषय. मी खाली सही करणार भुपेंद्र लांजेवार. तासिका सोडत आहे, कारण. इथे ते थांबले. मी पेन धरून वाट पाहिली. “कारण काय लिहू, सर?” “कौटुंबिक लिव,” ते म्हणाले. मी ‘कौ’ काढायला पेन टेकवलं, आणि ते म्हणाले, “नको. राहू दे. खरं ते लिव.” मला कळलं खरं काय ते. त्यांना ते तोंडानं म्हणायचं नव्हतं, मलाच लिहावं लागणार होतं. त्यांच्या टेबलासमोर, हाताच्या अंतरावर बसून मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं की अर्थशास्त्र या विषयाला सध्या एकही विद्यार्थी नाही.

सरांनी कागद घेतला. वाचला. माझ्याच पेनानं त्यातला ‘सध्या’ हा शब्द खोडला आणि खाली सही केली.